रानपिंगळा आणि सहाशेची लेन्स

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या लेन्सवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. माझ्या हातात आजवर लेन्स अशी आली ती चष्म्याचीच! पण गेले तीन महिने आमच्या घरात याच एका विषयाची चर्चा चालू आहे. माझा भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, धडगावकडच्या डोंगरात नोकरी करतो. सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून सातपुड्यात हिंडतो. त्याला रानपिंगळ्याचा चांगला फोटो काढायचा आहे आणि त्यासाठी लांबची लेन्स घ्यायची आहे. किमती ऐकून मी चाट पडलो. दोन लाखांपासून सुरुवात आणि पुढे दहा लाखांच्या बरीच वर! "मामा, पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे," तो म्हणाला. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, हे त्याला माहीत आहे आणि मलाही.

"मामा, तुम्हाला लेन्समधलं कळत नाही, पण तुम्ही काहीतरी सांगाल म्हणून विचारतो," असे तो म्हणाला. आता इतिहासाच्या शिक्षकाला एकच मार्ग ठाऊक असतो. प्रश्न पडला की मागे जाऊन बघायचे. तसा मी मागे गेलो, आणि जे सापडले ते इतके आपल्या मातीतले निघाले की म्हटले, हे वाचकांना सांगितलेच पाहिजे.

आधी पक्ष्याची ओळख. आपल्या घराजवळ, वडाच्या ढोलीत, विजेच्या तारेवर तिन्हीसांजेला दिसतो तो साधा ठिपकेवाला पिंगळा. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याचे आणि याचे नाव एकच, कारण याच्या बोलण्यावरून शुभाशुभ सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत. रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. उंची साधारण तेवढीच, वीतभर, म्हणजे २३ सेंटीमीटरच्या आसपास. फरक काय? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे. त्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंख आणि शेपटीवरचे पट्टे ठसठशीत. आणि मुख्य म्हणजे हा घुबडाच्या जातीचा असूनही दिवसा वावरतो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसून सरडे, उंदीर शोधतो. हा दिवसाचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, लेन्सच्या हिशेबात तो पुढे फार कामाला येणार आहे.

हा पक्षी शास्त्राला कळला तो १८७२ साली. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लूइट या इंग्रज माणसाला तो मिळाला आणि १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, तेच ह्यूम! १८८५ च्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभा भरली, तिचे संस्थापक म्हणून आपण ज्यांचे नाव पाठ केले तेच. वर्गात मी हे नाव निदान तीस वर्षे शिकवले असेन. पण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा त्या काळातला सर्वांत मोठा अभ्यासक तोच, हे पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हते. ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षीविषयक नियतकालिक चालवले होते.

याच नियतकालिकात १८८२ मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी छापून आली. लिहिणारे जेम्स डेव्हिडसन, सनदी नोकरीतले अधिकारी. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे आपलेच धुळे-नंदुरबार. या डेव्हिडसन साहेबांनी शहादा-तळोद्याच्या जंगलात १८८० च्या दशकात रानपिंगळे मारून त्यांची कातडी भरून ठेवली. त्या काळात पक्ष्याचा अभ्यास म्हणजे असाच. बंदूक, चाकू, कापूस आणि चिठ्ठी. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, नर की मादी, हे त्या चिठ्ठीवर लिहून पक्ष्याच्या पायाला बांधायचे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या पिढीला दुसरे साधन नव्हते. दुर्बिणी होत्या, पण वीस-पंचवीस पावलांवरचे डोक्यावरचे ठिपके मोजून नवी जात ठरवावी इतकी त्यांची शिस्त बसलेली नव्हती. कॅमेरा होता, पण तो लाकडी पेटी, काचेच्या पट्ट्या आणि तिपाई घेऊन बैलगाडीतून न्यायचा.

१८८४ नंतर रानपिंगळा कुणाला मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी शिल्लक. सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही त्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. पक्षी नामशेष झाला असे बहुतेकांनी धरून चालले.

मात्र एक पुरावा असा होता की त्यामुळे सगळे चुकीच्या दिशेला बघत राहिले. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मारला, असा नमुना जमा केला होता. कागदोपत्री सगळ्यांत अलीकडचा नमुना तोच. साहजिकच शोधणारे त्या दिशेला वळणार. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्याच्या संग्रहाची तपासणी केली. क्ष-किरणांखाली तो रानपिंगळा धरला, तेव्हा आतल्या भरावाची पद्धत माइनर्ट्झहॅगनची नव्हे, डेव्हिडसनची निघाली. म्हणजे या गृहस्थाने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच पक्षी उचलला, थोडा उसवून पुन्हा शिवला आणि त्याला आपली खोटी चिठ्ठी बांधली! जागेची आणि तीस वर्षांची थाप. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे प्रकरण १९९९ मध्ये सविस्तर छापले.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. त्यांवरची गावे धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात आले. पूर्वेकडच्या जुन्या जागा आधी पाहिल्या. तिथे काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला एका फांदीवर तो बसलेला दिसला. बिनठिपक्याचे डोके, जाड पांढरे पाय. तब्बल ११३ वर्षांनी! त्यांनी बंदूक नव्हे, व्हिडिओ कॅमेरा रोखला. पक्षी जिवंत राहिला आणि पुरावाही मिळाला.

(इथे एक गमतीची नोंद. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे हा शोध "नंदुरबार जिल्ह्यातला" म्हणणे काटेकोर इतिहासाला धरून नाही. पण पक्ष्याला महसूल खात्याशी काय देणेघेणे!)

ही बातमी आली तेव्हा मी नोकरीत होतो. नववीच्या वर्गात मी ती वाचून दाखवली आणि चित्र फळ्याला लावले. वसतिगृहात राहणारा एक पावरा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, हा तर आमच्याकडे दिवसा ओरडतो." त्याला त्यात नवल असे काहीच वाटले नव्हते. "शोध लागला" या शब्दांचा अर्थ त्या दिवशी त्या एका वाक्याने मला जेवढा कळला तेवढा बी.ए.ला कळला नव्हता. पक्षी हरवला नव्हता. त्याला ओळखणारे आणि त्याच्याविषयी लिहिणारे यांची गाठ पडली नव्हती, इतकेच.

आता लेन्सकडे वळू. डेव्हिडसनने खानदेशात पक्षी मारले त्यानंतर अवघ्या सात-आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, लंडनच्या टॉमस डॉलमायर यांनी टेलिफोटो लेन्सचे पेटंट घेतले. जर्मनीतही त्याच वर्षी तसाच शोध लागला. कल्पना साधी पण फार हुशारीची. पुढे बहिर्गोल भिंगांचा संच, मागे अंतर्गोल भिंगांचा. त्यामुळे दूरची वस्तू मोठी दिसते, पण नळी तेवढी लांब करावी लागत नाही. दहावीच्या विज्ञानात आपण बहिर्गोल आणि अंतर्गोल भिंगांच्या आकृत्या काढतो, त्याच दोन आकृत्या एकामागे एक ठेवल्या की झाली टेलिफोटो!

पण शोध लागला म्हणून तो लगेच पक्ष्यांच्या कामी आला नाही. त्या लेन्समधून उजेड फार कमी यायचा आणि काचा मंद होत्या. म्हणून आरंभीच्या फोटोकारांनी दुसऱ्या वाटा काढल्या. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ तर बैलाच्या कातड्याच्या पोकळ सोंगात शिरून पक्ष्याजवळ जात. १८९५ मध्ये निघालेले त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक सबंध छायाचित्रांनी सजलेले होते. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की झगमगाट होऊन फोटो निघे. १९२७ च्या त्यांच्या पुस्तकात असे फोटो आहेत. म्हणजे तीन उपाय झाले. लपून जवळ जा, प्राण्यालाच फोटो काढायला लाव, किंवा लांब राहून भिंगाने जवळ आण. तिसरा उपाय सगळ्यांत सभ्य, पण सगळ्यांत महाग. तो महाग का, हेच मला भाच्याकडून समजून घ्यायचे होते.

त्याने वहीवर आकडे मांडून दिले. मी ते वाचकांसाठी आपल्या भाषेत मांडतो.

लेन्सला दोन मापे असतात. पहिले लांबीचे, म्हणजे नाभीय अंतर. ६०० मिमी म्हटले की दूरचे बरेच मोठे दिसणार. दुसरे तोंडाच्या रुंदीचे. हे 'एफ'च्या आकड्याने सांगतात, आणि हा आकडा जेवढा लहान तेवढे तोंड मोठे. ६०० ला ४ ने भागा, १५० मिमी येतात. म्हणजे एफ ४ च्या लेन्सला दीडशे मिमीचे, जेवणाच्या ताटातल्या मोठ्या वाटीएवढे तोंड. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ मिमी. चहाच्या बशीहूनही लहान. उजेड मात्र तोंडाच्या क्षेत्रफळावर येतो, म्हणून एफ ४ मधून एफ ६.३ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आत जातो. एवढे मोठे निर्दोष भिंग ओतायचे, सावकाश थंड करायचे, घासायचे, रंगांची झालर दिसू नये म्हणून त्यात फ्लोराइटसारखे स्फटिक बसवायचे (कॅननने असे स्फटिक १९६९ च्या ३०० मिमीच्या लेन्समध्ये वापरले), या सगळ्याचे पैसे. लांबीचे पैसे थोडे, रुंदीचे पैसे फार!

भाच्याचा कॅमेरा निकॉनचा असल्यामुळे त्याच्यापुढे ६०० मिमीपर्यंत जाणारे तीन पर्याय होते. पहिला, ६०० मिमी एफ ४, २०२२ चा. वजन सव्वातीन किलो, किंमत दहा लाखांच्या बरीच वर. दुसरा, ६०० मिमी एफ ६.३, २०२३ चा. वजन दीड किलोच्या आत, किंमत पाच लाखांच्या आसपास. तिसरा, १८० ते ६०० मिमीचा झूम, तोही २०२३ चा, टोकाला एफ ६.३ च. वजन तिपाईच्या कड्याशिवाय दोन किलोच्या जरासे आत, किंमत दोन लाखांच्या आतबाहेर.

दुसऱ्या लेन्सचे वजन एवढे कमी कसे, हे विचारले तर इतिहासच निघाला. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहासाठी जाड भिंगाऐवजी कंगोऱ्यांचे पातळ भिंग बनवले. त्याच नावाची आणि तसल्याच बारीक कंगोऱ्यांची काच आता लेन्सच्या आत बसते. तिच्यात प्रकाश कंगोऱ्यांपाशी वळतो आणि रंगांची झालर साध्या काचेच्या उलट पडते, म्हणून दोन्ही एकमेकींना खोडतात. भिंगे कमी लागतात, वजन घटते. समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवणारी युक्ती दोनशे वर्षांनी सातपुड्याच्या चढणीवर एका मास्तरच्या खांद्याचा भार हलका करते आहे!

मग मी भाच्याला म्हटले, "आता गणित तुझ्या पक्ष्यावर लावू." पक्षी ३० मीटरवर बसला आहे असे धरा. ६०० मिमीच्या लेन्समधून त्याची प्रतिमा पन्नासपट लहान होते. २३ सेंटीमीटरचा पक्षी कॅमेऱ्यातल्या पडद्यावर ४.६ मिमीचा. पडद्याची उंची २४ मिमी असते, म्हणजे चित्रात तो पाचव्या हिश्श्याएवढा. डोक्यावरचा एखादा ठिपका दोन मिमीचा धरला, तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो सहा-सात बिंदूंचा येतो. ठिपका आहे की नाही हे कळायला तेवढे पुरे. रानपिंगळा की साधा पिंगळा, हा मूळ प्रश्न तीस मीटरवरून सुटतो. तेच ३०० मिमीच्या लेन्सने करायला गेलात तर ठिपका तीन बिंदूंचा. मग एकच उपाय, पंधरा मीटरवर सरकणे. आणि पंधरा मीटरवर ढोलीतल्या पिल्लांचे आईबाप घाबरतात.

म्हणजे जे पैसे द्यायचे ते कशासाठी, हे स्पष्ट झाले. लांबीला द्यायचे पैसे हे पक्ष्यापासूनच्या अंतराचे पैसे आहेत. ते आपण पक्ष्याच्या वतीने भरतो. पण रुंदीला द्यायचे पैसे कशाचे? उजेडाचे. आणि इथे वर सांगितलेला दिवसाचा मुद्दा कामाला येतो. रानपिंगळा दिवसा बसतो, सागाच्या पानझडी जंगलात बसतो, हिवाळ्यानंतर त्या जंगलात डोक्यावर पानच नसते. नंदुरबारच्या उन्हाला उजेडाची काय कमतरता! ज्याला रातव्यांचे किंवा संधिप्रकाशातल्या बिबट्याचे फोटो हवेत त्याने एफ ४ साठी कर्ज काढावे की नाही याचा विचार करावा. ज्याचा पक्षी उन्हात बसतो त्याने रुंदीला आठ-दहा लाख देणे म्हणजे भर दुपारी गॅसबत्ती लावणे.

भाचा गप्प बसणारा नाही. "मामा, पण पहाटेची ती दहा मिनिटं? तेव्हाच खरा उजेड सुंदर असतो." मुद्दा खोटा नाही. अडीचपट उजेड म्हणजे त्या दहा मिनिटांत फोटो हलणार नाही, आणि मागची पानेही मऊ विरघळतील. मी म्हटले, "त्या दहा मिनिटांचे मिनिटाला लाख रुपये पडतात. परवडत असतील तर घे." आणखी एक गोष्ट मला या जिल्ह्यात राहून ठाऊक आहे, तिला लेन्सच्या दुकानदाराचे पत्रक काही करू शकत नाही. मार्चनंतर सकाळी दहा वाजता तापलेल्या उतारावरची हवा थरथरू लागते. त्या थरथरीतून चाळीस मीटरवरचे सगळे पाण्याखालचे दिसते, लेन्स दोन लाखांची असो की पंधरा लाखांची. तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून सावलीत बसणे हेच शहाणपण.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लेन्समध्ये मग फरक उरतो तो वजनाचा, थोड्या अधिक सफाईचा आणि तीन लाखांचा. टोकाला दोन्हींचे तोंड सारखेच, अंतर सारखेच. पाठदुखीचा त्रास असणाऱ्याने दुसरी घ्यावी. भाच्याची पाठ ठणठणीत आहे. त्याने स्वतःच वहीवर तिसरीपुढे खूण केली आणि पतसंस्थेचा विषय घरात बंद झाला. त्याच्या मुलीला कुणी काही सांगितले नव्हते, पण ती त्या दिवशी जरा जास्तच आनंदात होती असे आपले मला वाटले.

इथे लेख संपवता आला असता. पण खरी अडचण पुढेच आहे.

२०१४ च्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्यांनी १५०-६०० चे झूम आणले आणि ६०० मिमीची लेन्स पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ही मोठी घटना. साहेबाची किंवा श्रीमंताची असलेली वस्तू मास्तरच्या, डॉक्टरच्या, दुकानदाराच्या हाती आली. त्याचा चांगला परिणाम असा की रानपिंगळ्याकडे बघणारे डोळे वाढले. मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातला खंडवा-बऱ्हाणपूरकडचा भाग इथे तो आहे हे अभ्यासकांनी आधीच दाखवले होते. २०१४ मध्ये तो मुंबईजवळ तानसाच्या जंगलात सापडला, आणि गुजरातेत डांगकडेही आढळला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' मध्ये आणले गेले. पण प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, तेव्हा हुरळून जाण्यासारखे काही नाही. आपल्या कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला.

वाईट परिणाम असा की एका ढोलीपुढे पाच-पाच कॅमेरे उभे राहू लागले. सगळ्यांकडे सहाशेची लेन्स, आणि सगळे बारा मीटरवर! कारण शेजाऱ्याचा फोटो आपल्यापेक्षा मोठा यायला नको. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवतात. पक्षी लगेच समोर येतो, त्याला आपण 'प्रतिसाद' म्हणतो. वास्तविक तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला समजून भांडायला आलेला असतो. पिल्लांना सरडा भरवायचे सोडून. अभ्यासकांनीही असा आवाज वापरून गणना केली आहे, पण ती मोजून-मापून आणि एका कामासाठी. दर रविवारी नव्या मंडळींनी तेच करणे ही वेगळी गोष्ट. म्हणजे ज्या अंतरासाठी पैसे मोजले ते अंतरच वापरायचे नाही, असा हा व्यवहार. मग लेन्स कशाला घेतली, साधा मोबाइल पुरला असता.

आता इतिहासाचा माणूस म्हणून मला पडलेला पेच सांगतो. वर पाहिले की रानपिंगळा सापडला तो चिठ्ठीमुळे. डेव्हिडसनने गाव आणि तारीख खरी लिहिली म्हणून ११३ वर्षांनी कुणी शहाद्याला येऊ शकले. माइनर्ट्झहॅगनने ती खोटी लिहिली म्हणून इतकी वर्षे भलत्या जागेकडे लक्ष राहिले. तेव्हा माझी सगळी शिकवण सांगते की जागा लिहा, नीट लिहा. आणि पक्ष्याचे हित सांगते की जागा लपवा. फोटोखाली गावाचे नाव आले की पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या राहतात. कुणाचे ऐकायचे?

मला सुचले ते असे. जागा लिहायचीच, पण वहीत. पक्षी किती मीटरवर होता, किती वाजता होता, कोणत्या झाडावर, काय खात होता, आपण गेल्यावर उडाला की बसून राहिला, हे सगळे. ते वन खात्याला द्यावे, पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला द्यावे. चारचौघांत फोटो दाखवताना मात्र "सातपुडा" एवढेच पुरे. खोटे गाव लिहू नये, ती माइनर्ट्झहॅगनची वाट. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

वहीवरून ह्यूम पुन्हा आठवतात. पंचवीस वर्षांच्या टिपणांमधून हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा त्यांचा संकल्प होता. १८८० च्या दशकात सिमल्याच्या घरातून नोकराने ते कागद बाजारात रद्दी म्हणून विकले. खचून त्यांनी आपला प्रचंड पक्षीसंग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. ग्रंथ कधीच झाला नाही. कातडी आजही कपाटात आहेत, पण त्या माणसाने पाहिलेल्या कितीतरी गोष्टी त्या रद्दीबरोबर गेल्या.

म्हणून भाच्याला मी एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन दिली आहे. दोन लाखांच्या लेन्सपुढे ती हास्यास्पद दिसते खरी. पण लेन्स दहा-पंधरा वर्षांत जुनी होईल, तिच्या जागी हलकी आणि स्वस्त दुसरी येईल, हे या इतिहासात पानोपानी दिसते. डेव्हिडसनची यादी ११५ वर्षांनी कामाला आली. त्याची बंदूक आज कुठे आहे, याची कुणी चौकशीही करत नाही.

वाचकांपैकी कुणी लेन्स घ्यायच्या विचारात असेल तर आधी आपला पक्षी कोणत्या वेळी, किती उजेडात आणि किती अंतरावर बसतो हे महिनाभर नुसत्या डोळ्यांनी पाहून यावे. अर्धा निर्णय तिथेच होतो, आणि तेवढ्या पाहण्याला पैसे पडत नाहीत. तोरणमाळच्या बाजूला जाणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर बरा. ढोली दिसली तर मागे व्हा. आणि शेजारच्या पाड्यातल्या एखाद्या पोराला जरूर विचारा, "हा कधी ओरडतो रे?" त्याला बहुधा माहीत असते.